गणित शिकून पुढें काय?

मुलानें वैद्यकी घेतली तर तो पुढें काय करणार हें कोणी विचारीत नाहीं. वकिली घेतली तरी विचारीत नाहीं. स्थापत्याचें शिक्षण घेणाऱ्या मुलाकडे पाहतांच पूल, धरणें आणि इमारती आपल्या डोळ्यांसमोर उभ्या राहतात. परंतु घरांतील मुलानें किंवा मुलीनें "मीं गणित घेतलें आहे" असें सांगितलें कीं आलेला पाहुणा चहाचा पेला खालीं ठेवून हमखास विचारतो, "बरें, पण पुढें काय?" हा प्रश्न कुत्सितपणानेंच विचारलेला असतो असें नाहीं. विचारणारास खरोखरच कांहीं दिसत नसतें. गणिताला दुकान नाहीं, पाटी नाहीं, अंगांत घालावयाचा पांढरा किंवा काळा डगला नाहीं. म्हणून आपणांस काय येतें हें दुसऱ्यास समजेल अशा रीतीनें सांगण्याची कला गणिताच्या विद्यार्थ्यास इतरांहून अधिक साधावी लागते; आणि नेमकी तीच त्याला कोणी शिकवीत नाहीं.

मी स्वतः मॅट्रिकच्या पलीकडे गेलों नाहीं. शास्त्र्यांच्या पायाशीं बसून थोडें संस्कृत शिकलों आणि तेंच शाळेंत शिकविण्यांत हयात घालविली. तेव्हां उच्च गणितावर बोलण्याचा माझा अधिकार नाहीं. परंतु शिकलेली विद्या जगापुढें कशी मांडावी हा प्रश्न एकट्या गणिताचा नव्हे. आणि गेल्या दोन वर्षांत तो आमच्याच घरांत, आमच्याच माजघरांत उभा राहिल्यामुळें त्याविषयीं चार शब्द लिहावे असें वाटलें.

प्रथम आमच्या मुलखांतील दोन थोर पुरुषांची आठवण करतों. पेण आणि रोहें हे रायगड जिल्ह्यांतील शेजारचे तालुके. १९८१ पर्यंत या जिल्ह्याचें नांव कुलाबा असें होतें. पेण तालुक्यांतील गागोदें या खेड्यांत ११ सप्टेंबर १८९५ रोजीं विनायक नरहरि भावे यांचा जन्म झाला; तेच पुढें आचार्य विनोबा. त्यानंतर अवघ्या चार महिन्यांनीं, १४ जानेवारी १८९६ रोजीं, याच जिल्ह्यांत महाडजवळ नातें येथें चिंतामण द्वारकानाथ देशमुख जन्मले; त्यांचें घर रोह्याचें. एका जिल्ह्यांतील, एका वयाचीं, सारखींच कुशाग्र बुद्धीचीं हीं दोन मुलें. परंतु परीक्षा आणि प्रशस्तिपत्रें यांच्याशीं दोघांचें वर्तन पाहिलें तर दोन ध्रुवांइतकें अंतर दिसतें.

विनोबांची गणितावरील प्रीति सर्वश्रुत आहे. शाळेंत ते त्या विषयांत चमकत, आणि पुढें अध्यात्मावर बोलतांनाहि त्यांची मांडणी गणिती असे. अशा विद्यार्थ्यानें आपलीं शाळेचीं प्रशस्तिपत्रें चुलींत घातलीं! १९१६ सालीं इंटरच्या परीक्षेकरितां म्हणून ते बडोद्याहून मुंबईस निघाले, वाटेंत सुरतेस उतरले आणि काशीच्या मार्गास लागले. इकडे चिंतामणराव १९१२ च्या मॅट्रिक परीक्षेंत मुंबई विद्यापीठांत पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ति त्यांनीं मिळविली. केंब्रिज येथें १९१७ सालीं त्यांनीं सृष्टिविज्ञानाची पदवी घेतली. वनस्पतिशास्त्राचें पारितोषिकहि मिळविलें. १९१८ सालीं आय. सी. एस. परीक्षेंत ते पहिले आले. पुढें १९४३ सालीं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि १९५० पासून देशाचे अर्थमंत्री झाले.

एकानें कागद जाळले आणि दुसऱ्यानें कागदांचा डोंगर रचला. यांत खरा कोण, असें कोणी विचारील तर मी म्हणेन, दोघेहि. कारण कागद आणि माणूस यांची गल्लत दोघांनींहि केली नाहीं. विनोबांनीं प्रशस्तिपत्र जाळलें, विद्या जाळली नाहीं. अध्ययन त्यांनीं अखेरपर्यंत चालविलें. चिंतामणरावांनीं ज्या योग्यतेवर अधिकार मिळविला तो अधिकार मुंबईच्या प्रश्नावर मनास पटेना तेव्हां १९५६ सालीं सोडून दिला. शिवाय पाहा, संस्कृतांत पहिला आलेला, वनस्पतिशास्त्र शिकलेला हा गृहस्थ देशाची तिजोरी सांभाळूं लागला आणि बरींच वर्षें भारतीय सांख्यिकी संस्थेचा अध्यक्ष राहिला. त्यानेंच मेघदूताचें मराठींत भाषांतर केलें. घेतलेला विषय म्हणजे कपाळावर कोरलेला लेख नव्हे हें यावरून दिसतें. विनोबांस १९५८ चें आणि देशमुखांस १९५९ चें मॅगसेसे पारितोषिक मिळालें. आणि १९८२ सालीं देशमुख २ ऑक्टोबरला व विनोबा १५ नोव्हेंबरला निवर्तले. जन्मांत चार महिन्यांचें आणि मृत्यूंत सहा आठवड्यांचें अंतर. मार्ग मात्र दोन, आणि दोन्ही सरळ.

आतां घरची गोष्ट सांगतों. माझ्या थोरल्या बंधूंची नात गणित घेऊन एम्. एस्सी. झाली. मुलगी हुशार, पण अबोल. परीक्षेचा निकाल लागला आणि घरांत एकाच वेळीं दोन 'बायोडेटा' तयार होऊं लागले. एक तिनें स्वतः संगणकावर तयार केलेला, नोकरीसाठीं. दुसरा तिच्या आजीनें, म्हणजे आमच्या वहिनींनीं, सुवाच्य अक्षरांत लिहविलेला, स्थळांसाठीं. दुसऱ्यांत उंची, वर्ण, गोत्र, नाडी, मामेकुळ आणि 'गृहकृत्यदक्ष' इतकें सगळें सविस्तर असून 'एम्. एस्सी., गणित' एवढा एकच शब्द शिक्षणाचा. वहिनींचें म्हणणें असें कीं, वर्षभरांत कांहीं ठरलें तर उत्तमच. नाहीं तर बी. एड. करून येथील शाळेंत लागावें. मुलीच्या वडिलांस वाटे कीं तिनें संगणकाच्या नोकरींत शिरावें, कारण घरावरचें कर्ज फिटावयाचें होतें. मुलीच्या मनांत काय होतें हें कोणी विचारलें नव्हतें. तिला एक तर संशोधनास जावयाचें होतें, नाहीं तर विमागणिताच्या परीक्षा द्यावयाच्या होत्या. पण तें चौघांत सांगण्याची तिची छाती नव्हती.

एके सायंकाळीं ती माझ्याकडे आली. म्हणाली, "अण्णाआजोबा, मीं सतरा ठिकाणीं अर्ज केले. एकाचेंहि उत्तर नाहीं. आजी म्हणते, देवाच्याच मनांत नाहीं." मीं म्हटलें, "देवाचें मन मागाहून पाहूं. आधीं तुझा कागद वाच पाहूं. इंग्रजी मला बेताचें. मराठींत सांगत जा."

तिनें वाचलें. मी कष्टाळू आहें, जिज्ञासु आहें, मिळून मिसळून काम करणारी आहें, माझ्यांत नेतृत्वाचे गुण आहेत, आव्हानें स्वीकारण्याची मला आवड आहे. त्याखालीं शिकलेल्या विषयांची लांबलचक यादी आणि त्याखालीं टक्के. हें सर्व तिनें एका मैत्रिणीच्या कागदावरून घेतलें होतें, त्या मैत्रिणीनें आणखी कोणाच्या. मीं विचारलें, "यांतलें कोणतें वाक्य तुझ्या मैत्रिणीच्या कागदावर खोटें ठरेल?" ती विचारांत पडली. मग हळूच म्हणाली, "कोणतेंच नाहीं."

येथें मला माझें जुनें शास्त्र उपयोगीं पडलें. न्यायशास्त्र शिकतांना लक्षणांतील एकेक पद उचलून 'हें पद कशासाठीं?' असें विचारण्याची रीत आहे. तिला पदकृत्य म्हणतात. अन्नंभट्टाच्या तर्कसंग्रहावर त्याच नांवाची एक टीकाहि आहे. उदाहरणार्थ, केवळ संस्कारापासून उत्पन्न होणारें ज्ञान तें स्मरण, असें स्मृतीचें लक्षण केलें आहे. येथें 'केवळ' कशाला? तें काढलें तर 'हाच तो देवदत्त' ही ओळखहि स्मरणांत शिरेल; कारण तिलाहि संस्कार लागतो, पण त्याबरोबर डोळ्यांनीं पाहणेंहि लागतें. 'ज्ञान' कशाला? तें काढलें तर संस्काराचा नाशहि स्मरण ठरेल, कारण तोहि संस्कारामुळेंच होतो. जें पद काढल्यानें कांहींच बिघडत नाहीं तें पद व्यर्थ. मीं तिला सांगितलें, "तुझ्या कागदाचें पदकृत्य कर. एकेक शब्द झांकून पाहा. झांकल्यानें तुझी ओळख कमी होत नसेल तर तो खोडून टाक." तासाभरानें त्या दोन पानांत नांव, पत्ता, परीक्षा आणि टक्के एवढेंच उरलें. बिचारीच्या डोळ्यांत पाणी आलें. "म्हणजे मला कांहींच येत नाहीं?" मीं म्हटलें, "येतें तें तूं लिहिलेंच नाहींस. उन्हाळ्यापासून गणपतीपर्यंत तूं शेजारच्या कारखान्यांत वही घेऊन काय करीत होतीस?"

पेणचे गणपति प्रसिद्ध आहेत, परदेशींहि जातात. आमच्या शेजारीं असाच एक मूर्तींचा कारखाना आहे. साच्यांतून मूर्ति काढावयाची, फळीवर वाळवावयाची, घांसून साफ करावयाची, रंगवावयाची आणि शेवटीं डोळ्यांची आखणी करावयाची. आखणीचा हात दुर्मिळ; त्या कारखान्यांत तो एकाच कारागिराचा. दरवर्षीं मूर्ति उशिरां निघत, आणि मालकास वाटे कीं सगळा खोळंबा आखणीपाशींच होतो. म्हणून जबर मजुरी देऊन दुसरा कारागीर आणण्याचा त्यांचा विचार चालला होता. या मुलीनें गंमत म्हणून पांच आठवडे रोज टिपणें ठेविलीं: आज साच्यांतून किती निघाल्या, फळीवरून किती उतरल्या, रंगास किती गेल्या. मग हिशेब मांडला. रोज चाळीस मूर्ति साच्यांतून निघत असतील आणि प्रत्येकीस वाळण्यास सहा दिवस लागत असतील, तर फळ्यांवर एके वेळीं चाळीस गुणिले सहा, म्हणजे दोनशेंचाळीस मूर्तींची जागा पाहिजे. पाऊस लागून सहाचे नऊ दिवस झाले कीं तीच संख्या तीनशेंसाठ होते. फळ्या तर तितक्या नव्हत्याच! म्हणून पावसाची झड लागली कीं साचे थांबत आणि आखणी करणारा कारागीर अर्धा दिवस रिकामा बसे. खोळंबा डोळ्यांपाशीं नव्हता, फळ्यांपाशीं होता. मालकांनीं दुसरा कारागीर न आणतां मागील अंगणांत पत्रा घालून फळ्या वाढविल्या. त्या वर्षीं माल वेळेवर गेला.

येणाऱ्यांची रोजची सरासरी आणि प्रत्येकाच्या मुक्कामाचे दिवस यांचा गुणाकार केला कीं आंत असलेल्यांची सरासरी संख्या मिळते, हा नियम जॉन लिट्ल या अमेरिकन पंडितानें १९६१ सालीं सिद्ध केला, असें तिनेंच मला सांगितलें. तो दवाखान्यालाहि लागतो आणि बँकेच्या रांगेलाहि. मीं विचारलें, "मग हें कागदावर कां नाहीं?" ती म्हणाली, "अहो, तें शेजारच्या कारखान्यांतलें! तें काय लिहावयाचें?" आपल्या सुशिक्षित घरांतील मुलांचा हा मोठा रोग आहे. जें पुस्तकांत छापलें आहे तें ज्ञान आणि जें अंगणांत केलें तें काम, अशी त्यांनीं वांटणी करून ठेविली आहे. वास्तविक त्या एका वहींत निरीक्षण होतें, चिकाटी होती, गणित होतें आणि न शिकलेल्या कारागिरांस पटेल असें बोलणेंहि होतें. 'कष्टाळू' आणि 'जिज्ञासु' हे शब्द लिहिण्याचें मग कारणच उरत नाहीं.

आत्मपरिचय कसा द्यावा हें पाहावयाचें असेल तर फार दूर जावयास नको. भास्कराचार्यांनीं सिद्धांतशिरोमणि हा ग्रंथ ११५० सालीं रचला; लीलावती हा त्याचाच पहिला भाग. त्या ग्रंथाच्या गोलाध्यायांत आचार्यांनीं आपली माहिती दिली आहे. शके १०३६ मध्यें जन्म, छत्तिसाव्या वर्षीं ग्रंथरचना, सह्याद्रीच्या आश्रयास असलेलें विज्जडविड हें गांव, शांडिल्य गोत्र, पिता महेश्वर आणि त्यांच्याच चरणापाशीं मिळालेली विद्या. कोण, कुठला, कोणाचा शिष्य आणि काय केलें. चाळीसगांवजवळील पाटण येथें त्यांचा नातू चंगदेव यानें आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिल्याचा शिलालेख आहे. ज्याचें काम बोलतें त्याच्याविषयीं पुढच्या पिढ्या बोलतात.

पदवी मोठी कीं काम मोठें, या वादांतहि आपला इतिहास उत्तर देतो. केरो लक्ष्मण छत्रे, म्हणजे केरूनाना, अलिबागजवळच्या नागांवचे. मुंबई विद्यापीठ स्थापन झालें १८५७ सालीं. त्यापूर्वींच नाना कुलाब्याच्या वेधशाळेंत प्रोफेसर ऑर्लिबार यांच्या हाताखालीं काम करून गणित आणि ज्योतिष शिकले होते. पदवी नसतां ते पुण्यास गणिताचे प्राध्यापक झाले, 'ग्रहसाधनाचीं कोष्टकें' हा ग्रंथ त्यांनीं १८६० सालीं प्रसिद्ध केला आणि लोकमान्य टिळकांसारखा शिष्य त्यांना लाभला. दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे देवळालीच्या शाळेंत १९३० पासून १९६२ पर्यंत शिक्षक होते. सर्व अंक सारखे नाहींत अशी कोणतीहि चार अंकी संख्या घ्या. तिचे अंक उतरत्या व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करा, आणि उत्तरावर तीच क्रिया करीत राहा. ३५२४ घेतली तर ५४३२ मधून २३४५ वजा जातां ३०८७. मग ८७३० मधून ०३७८ वजा जातां ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ वजा जातां ६१७४. पुढें कितीहि वेळां करा, ६१७४ च! ही संख्या कापरेकरांनीं १९४९ सालीं दाखविली. मार्टिन गार्डनर यांनीं १९७५ सालीं अमेरिकन मासिकांत त्यांच्यावर लिहिलें तेव्हां जगाला देवळालीच्या मास्तरांचें नांव कळलें. आज ती संख्या त्यांच्याच नांवानें ओळखली जाते.

आणि रामानुजनांचें पत्र! मद्रासच्या बंदर कचेरींतील या कारकुनानें जानेवारी १९१३ मध्यें केंब्रिजच्या हार्डी यांना पत्र लिहिलें. आपण कारकून आहों, पगार अमुक, विद्यापीठाचें शिक्षण पुरें झालेलें नाहीं, हें त्यांनीं आरंभींच साफ सांगितलें आणि सोबत शंभराहून अधिक सिद्धांत जोडले. त्यापूर्वीं तेथीलच इतर पंडितांना धाडलेल्या पत्रांचा उपयोग झाला नव्हता. म्हणजे खऱ्या मालालाहि पहिल्याच दारांत गिऱ्हाईक मिळतें असें नाहीं. पण दारें ठोठावतांना माल पिशवींत असला पाहिजे. मात्र हीं नांवें पुढें करून कोणी पदवी सोडूं नये. केरूनानांच्या काळीं पदवी नव्हतीच. आज ती आहे आणि बहुतेक दारांवर ती मागतात. पदवी म्हणजे उंबरा. तो ओलांडल्यावांचून घरांत जातां येत नाहीं, पण उंबऱ्यावरच बसून राहणाऱ्याला कोणी पाटावर बसवीत नाहीं.

वडीलमंडळींच्या माहितीसाठीं वाटाहि थोडक्यांत सांगतों. शाळेंत शिकवावयाचें तर बी. एड.; महाविद्यालयांत शिकवावयाचें तर एम्. एस्सी. नंतर नेट किंवा सेट. संशोधनासाठीं मुंबईस १९४५ सालीं स्थापन झालेली टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, पुण्यास २००६ पासून आयसर आहे. राष्ट्रीय उच्च गणित मंडळ शिष्यवृत्त्या देतें. पदवीच्या विद्यार्थ्यांस गणित पाठ न करतां विचार करून शिकण्याची संवय लावणारे उन्हाळी वर्ग १९९३ पासून चालत आले आहेत. विमागणिती होण्यासाठीं २००६ च्या कायद्यान्वयें काम करणारी भारतीय विमागणिती संस्था परीक्षा घेते. प्रवेशपरीक्षेनंतर एकामागून एक अनेक पत्रिका असतात, आणि त्या नोकरी करीत करीत वर्षानुवर्षें द्याव्या लागतात. संख्याशास्त्र घेतलें असल्यास लोकसेवा आयोगामार्फत भारतीय सांख्यिकी सेवा आहे. संगणकाचें क्षेत्र तर सर्वांस ठाऊक आहे; पण तेथेंहि गणिताचा पाया असलेल्याची किंमत वेगळी असते. १९८४ सालीं अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत असतां नरेंद्र करमरकर यांनीं नियोजनाचीं प्रचंड उदाहरणें झपाट्यानें सोडविण्याची रीत शोधून काढली, ती शुद्ध गणितांतूनच.

आमच्या मुलीचा नवा कागद एका पानाचा झाला. त्यांत वरून तिसऱ्या ओळींतच मूर्तींच्या कारखान्यांतील टिपणें आणि त्यांतून निघालेला निष्कर्ष होता. त्यानंतर दोन ठिकाणांहून बोलावणें आलें.

पहिलें संशोधनाचें. तेथें तिला विचारलें कीं बंद अंतरावरील अखंडित फल मर्यादित असतें, हा सिद्धांत सांगा. तिनें घडाघडा सांगितला. मग विचारलें, "अंतर बंदच कां पाहिजे? उघडें असलें तर?" तेथें ती अडखळली. रेल्वेंत बसल्यावर उत्तर सुचलें: शून्य आणि एक यांच्या मधल्या संख्या घ्या, टोकें सोडून, प्रत्येकीनें एकास भागा, शून्याच्या जवळ जावें तसतसा भागाकार वाढतच जातो, त्याला मर्यादा राहत नाहीं. पण तोंवर पनवेल मागें पडलें होतें. तिची निवड झाली नाहीं. घरीं येऊन मला म्हणाली, "अण्णाआजोबा, तें पदकृत्यच होतें हो! 'बंद' हें पद कशाला, एवढेंच त्यांनीं विचारलें." मीं म्हटलें, "मग आजपासून प्रत्येक सिद्धांताचें कर." तिनें खरोखरच जुन्या वह्या काढल्या आणि तीन महिने तेंच केलें. एकेक अट काढावयाची आणि काय कोसळतें तें पाहावयाचें. मुलाखतीची याहून चांगली तयारी मला ठाऊक नाहीं.

दुसरें बोलावणें मुंबईच्या एका विमा कचेरींतून आलें. तेथें पाऊण तासापैकीं अर्धा वेळ गणपतींविषयींच बोलणें झालें. फळ्या वाढविल्या नसत्या तर काय झालें असतें, पावसाचा अंदाज कसा धरलास, टिपणांत चूक राहिली असेल तर ती कशी कळेल. शेवटीं एक प्रश्न असा आला कीं त्याचें उत्तर तिला येईना. तिनें सांगितलें, "हें मला येत नाहीं, पण सुरुवात करावयाची झाली तर मी अशी करीन," आणि कागदावर दोन ओळी मांडल्या. 'येत नाहीं' हे दोन शब्द स्वच्छ उच्चारतां येणें हीहि विद्याच आहे. न येणारें झांकण्यासाठीं जो बडबड करतो, त्याचें येणारेंहि संशयांत पडतें. आणि जो नुसतें 'येत नाहीं' म्हणून खालीं पाहतो, त्याचाहि निभाव लागत नाहीं. विनय म्हणजे आपल्याला कमी लेखणें नव्हे. आपलें माप बरोबर सांगणें म्हणजे विनय.

तिला जागा मिळाली. पगार संगणकाच्या नोकरीहून कमी, आणि परीक्षांचें ओझें वर. घरांत मोठी बैठक बसली. वडिलांना कर्जाची चिंता होती, ती खोटी नव्हती. वहिनींना वयाची चिंता होती, तीहि त्यांच्या परीनें खरीच. त्या दिवशीं मुलगी पहिल्यानेंच चौघांपुढें बोलली. तिनें एका कागदावर पांच वर्षांचा हिशेब मांडून आणला होता: पगार किती, परीक्षांचीं शुल्कें किती, राहण्याचा खर्च किती, कर्जाच्या हप्त्यांत किती भर घालतां येईल, आणि परीक्षा नापास झाली तर काय. हें शेवटचें सदर पाहून वडिलांचा विरोध मावळला. ते म्हणाले, "नापास होण्याचासुद्धां हिशेब मांडला आहेस, तर जा." दोन वर्षांची मुदत ठरली. त्यांतलें पहिलें वर्ष संपलें आहे. कांहीं पत्रिका सुटल्या, एक राहिली. ती पुन्हां देणार आहे. वहिनींनीं स्थळांचा तो कागद देवघराच्या खालच्या खणांत ठेवला आहे. मात्र मध्यंतरीं चौकशी आली तेव्हां त्यांनीं स्वतःच पाहुण्यांना सांगितलें, "तो जुना झाला हो, आतां काय लिहावयाचें तें तिलाच विचारा."

यावरून आमच्यासारख्या एकत्र कुटुंबांतील वडीलमंडळींना एवढेंच सांगावेंसें वाटतें कीं, गणित घेणाऱ्या मुलाला 'पुढें काय?' असें अवश्य विचारावें, पण उत्तर ऐकून घेण्यास बसावें. चार माणसांसमोर आपलें म्हणणें मांडण्याची पहिली शाळा घरच असतें. जें मूल आजोबा, काका, आत्या यांच्यापुढें आपला विचार सांगूं शकत नाहीं, तें परक्या कचेरींत तीन अनोळखी माणसांपुढें काय सांगणार? त्याला अभ्यासास एक कोपरा द्यावा, परीक्षेचें शुल्क कुरकुर न करतां भरावें आणि शेजारच्या मुलाच्या पगाराचा आंकडा जेवतांना काढूं नये. आणि मुलांना सांगावेंसें वाटतें कीं, एक वही ठेवा. काय वाचलें त्याची नव्हे; काय केलें, काय मोजलें, कोठें चुकलें आणि तें कसें उमगलें त्याची. अर्ज लिहावयाची वेळ येते तेव्हां उसने शब्द सर्वांजवळ असतात. तशी वही फार थोड्यांजवळ सांपडते.